तांदळाच्या पिंपातला हॅरी

२००२ सालच्या तपश्चर्याकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, आमच्या आईने हॅरी पॉटरला तांदळाच्या पिंपात पुरलं. अगदी व्यवस्थित पुरलं. पुस्तक आधी दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत गुंडाळलं, मग कोपरापर्यंत हात घालून तांदूळ बाजूला सारले, तळाशी पुस्तक ठेवलं आणि कडुनिंबाच्या पाल्यासकट तांदूळ वरून सारखे केले. जाळलं नाही, कारण पुस्तक मालाडच्या मामाचं होतं. दुसऱ्याची वस्तू जाळायची म्हणजे 'चोरी करू नकोस' या सातव्या आज्ञेशी गाठ. तेवढा धर्म आईला त्या प्रवचनकारापेक्षा जास्त कळत होता.

तिसऱ्या दिवशी मी त्याला बाहेर काढलं. तिसऱ्याच दिवशी का, ते धर्मशिक्षणाच्या वर्गात येशूच्या पुनरुत्थानाचा धडा केलेल्यांना सांगायला नको. खरं कारण इतकंच, की त्या दिवशी आई बाजारात गेली होती.

आम्ही वसईचे. ख्रिस्ती असून मराठी इतकं चांगलं कसं बोलता, या प्रश्नाला मी आता उत्तर देत नाही, नुसती हसते. आमची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत, जपमाळ मराठीत, शेजाऱ्याशी बांधावरून भांडण मराठीत आणि त्या भांडणाची पापकबुलीही मराठीतच. हे सांगायचं कारण असं, की चर्चला हॅरी पॉटरचं वावडं ही गोष्ट बहुतेक मराठी वाचकांनी पेपरात परदेशी गंमत म्हणून वाचली. आमच्याकडे ती थेट धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत आली, लाउडस्पीकर लावून.

त्या वर्षी तीन संध्याकाळी प्रवचनं होती आणि प्रवचनकार बाहेरगावाहून आलेले. आवाज खर्जातला, माणूस प्रेमळ, प्रवचनानंतर सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देणारा. दुसऱ्या संध्याकाळी ते म्हणाले, की अमेरिकेत एक पुस्तक वाचून हजारो मुलं सैतानाच्या नादी लागली आहेत, मुलांनी स्वतःच्या तोंडाने तसं कबूल केलंय. पुस्तकाचं नाव त्यांनी 'हेन्री पॉटर' असं घेतलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

ती अमेरिकेतली हजारो मुलं कुठून आली, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. 'द ओनियन' नावाचं एक अमेरिकी पत्र आहे, त्याचा धंदाच खोट्या बातम्या गंभीर चेहऱ्याने छापून हसवण्याचा. त्यांनी २००० साली हॅरी पॉटरमुळे मुलांमध्ये सैतानपूजा वाढल्याची एक 'बातमी' छापली. ती थट्टा होती हे मागे पडलं आणि मजकूर तेवढा ईमेलमधून भाविकांच्या घरोघरी फिरला, खरा म्हणून. आमच्या प्रवचनकारांपर्यंत तोच पोचला असावा, असा माझा दाट संशय आहे. कुणाच्या तरी विनोदापायी माझं पुस्तक तांदळात गेलं.

पिंपातून निघालेल्या त्या पुस्तकाला कडुनिंबाचा वास लागला तो कायमचाच. मामाला परत दिलं तेव्हा त्याने पान उघडून हुंगलं आणि 'हे वाचलंस की आजारी होतं?' असं विचारलं.

खरं सांगायचं तर सैतानाला मी माझ्या बाजूने पूर्ण संधी दिली होती. घरामागच्या पडवीत आजीने सुकेळी वाळत घातली होती. (केळी उन्हात सुकवून आमच्याकडे करतात ती सुकेळी.) त्यातल्या एकावर शिंदीच्या झाडूचा हीर रोखून मी मनगट घुमवलं आणि हॅरीची मैत्रीण हरमायनी सांगते तसा 'गार' लांबवून 'विंगार्डियम लेव्हिओसा' हा वस्तू तरंगवायचा मंत्र म्हटला. चौदा वेळा. सुकेळं हललं नाही. पंधराव्या वेळी मुंगळा चालत आला. सैतानाने माझ्याकडे साफ दुर्लक्ष केलं, आणि ते सुकेळं मी नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे हाताने उचलून, खाल्लं.

त्या वयातही मला एक कळलं होतं, ते अजून कुणी खोडून काढलेलं नाही. पुस्तक वाचणाऱ्या आम्हा पोरांपैकी कुणाचाच त्या जादूवर विश्वास नव्हता. विश्वास होता तो फक्त पुस्तकाला विरोध करणाऱ्यांचा.

अमेरिकेत २००० ते २००९ या दहा वर्षांत ग्रंथालयांतून काढा अशी सर्वांत जास्त मागणी ज्या पुस्तकांबद्दल झाली, त्या यादीत हॅरी पॉटर पहिला. ही यादी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची. न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावात नाताळ होऊन आठवडाही झाला नव्हता, ३० डिसेंबर २००१ ला, एका चर्चने पुस्तकांची होळी केली. हे पुस्तक म्हणजे सैतानी फसवणुकीचा उत्कृष्ट नमुना, असं तिथल्या पाद्रीबाबांचं मत होतं, आणि आपण ते वाचलेलं नाही हेही त्यांनी सांगून टाकलं. (न वाचता उत्कृष्ट म्हणणं ही सोय समीक्षकांनाही हवीहवीशी वाटेल.) पेन्सिल्व्हेनियातल्या पेनरिनची गोष्ट तर मला फार आवडते. तिथल्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या शर्यतीसाठी रस्त्यावर वाहतूक सांभाळायला गावच्या स्वयंसेवक फायर पोलिसांनी २००२ साली नकार दिला. का, तर वायएमसीएमध्ये मुलांना हॅरी पॉटर वाचून दाखवतात. आर्कान्सामधल्या सीडरव्हिलच्या शाळेने पुस्तक कपाटाआड ठेवून ते न्यायला पालकांची चिठ्ठी सक्तीची केली, सहलीला लागते तशी. एका विद्यार्थिनीचे पालक कोर्टात गेले आणि २००३ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी पुस्तकं पुन्हा उघड्या फळीवर ठेवायला लावली.

हे सगळे पंथ आमचे नव्हेत, असं म्हणून मी बरेच दिवस हात झटकले. पण आमच्या रोमनेही काही कमी केलं नाही. कार्डिनल रात्सिंगर २००३ साली श्रद्धेच्या शुद्धतेवर लक्ष ठेवणाऱ्या व्हॅटिकनच्या खात्याचे प्रमुख होते. हॅरी पॉटरवर टीकेचं पुस्तक लिहिणाऱ्या एका जर्मन लेखिकेला त्यांनी पत्र पाठवलं, की यातलं प्रलोभन सूक्ष्म आहे, नकळत काम करतं आणि श्रद्धा नीट रुजण्याआधीच ती विस्कटू शकतं. पुढे ते पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. पत्राची जाहीर चर्चा झाली ती २००५ च्या जुलैमध्ये, सहावा भाग येण्याच्या तोंडावर. प्रकाशकाने पैसे मोजूनही अशी वेळ साधली नसती. आणि गंमत म्हणजे त्याच पोपसाहेबांच्या काळात, २००९ साली, व्हॅटिकनच्या 'लोसेर्वातोरे रोमानो' या वृत्तपत्राने सहाव्या भागावरच्या सिनेमाचं कौतुक केलं. चांगलं काय, वाईट काय, यातली रेघ त्यात स्पष्ट दिसते म्हणे. आमच्या पिंपाची तेव्हा कुणी माफी मागितली नाही.

सगळ्यांवर कडी केली फादर गॅब्रिएले आमोर्थ यांनी. रोममधले हे नावाजलेले भूत उतरवणारे फादर. आपल्याकडच्या भाषेत भगतच, पण परवानाधारक. हॅरी पॉटरमागे अंधाराच्या राजाचा हात आहे हे त्यांचं जुनं मत. २०११ साली इटलीतल्या एका चित्रपट महोत्सवात त्यांनी त्याच दमात योगासनांनाही ओढलं. योग सैतानी, हॅरी पॉटर वाचण्यासारखाच घातक. ही बातमी मी मोठ्याने वाचली तेव्हा पप्पा शवासनात होते. डॉक्टरांनी कंबरदुखीसाठी सांगितलेलं. डोळे न उघडता म्हणाले, 'मग आता उठू की इथेच राहू?'

पोलंडमधला प्रकार आणखी अलीकडचा, २०१९ च्या मार्चअखेरचा. ग्दान्स्क शहरात काही धर्मगुरूंनी नको त्या वस्तू जाळल्या आणि फोटो स्वतःच लोकांसमोर ठेवले. हॅरी पॉटर तर होताच, शिवाय एक आफ्रिकी धर्तीचा लाकडी मुखवटा, हत्तींच्या मूर्ती आणि हॅलो किटीची छत्री. मुखवटा आणि हत्ती मी समजू शकते, म्हणजे समजू शकत नाही, पण कुठल्या भीतीतून ते आलं असेल याचा अंदाज येतो. छत्रीने काय केलं होतं? पुढे माफी मागण्यात आली. छत्रीचं काय झालं, ते मात्र फोटोत दिसतंय.

त्याच वर्षी अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका कॅथलिक शाळेने पुस्तकं हलवली. तिथल्या फादरांनी पालकांना कळवलं, की यातले मंत्र आणि शाप खरे आहेत, माणसाने वाचले तर दुष्ट आत्मे बोलावले जाण्याचा धोका आहे, आणि आपण याबाबत अमेरिकेतल्या आणि रोममधल्या भूत उतरवणाऱ्यांचा सल्ला घेतला आहे. मला माझी ती चौदा वेळा केलेली साधना आठवली. माझा उच्चार चुकला म्हणावं, तर आमच्या सिस्टरांनी इंग्रजीच्या उच्चारावरून मला बक्षीस दिलेलं आहे.

बरं, आई काही जादूटोण्याच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी बाई होती असं नाही. धाकटा भाऊ रडायला लागला की ती मीठ आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन त्याच्यावरून उतरवायची, चुलीत टाकायची आणि ठसका लागला नाही तर 'बघ, केवढी नजर होती' म्हणायची. वर क्रुसाची खूण करायची, दोन्ही खाती सांभाळून. हॅरीच्या शाळेत याला निदान एक तास आणि गृहपाठ असता.

हॅरी पॉटरची मी भक्त असले तरी आंधळी नाही. बिशप असते तर त्या पुस्तकांवर मी स्वतः आक्षेपांची लांबलचक यादी काढली असती, फक्त त्यात जादू नसती. तो डंबलडोर घ्या. साध्या मंत्राने उघडणाऱ्या दारामागे तीन डोक्यांचं कुत्रं बांधतो, आणि मंत्र कोणता, तर पहिल्या वर्षातल्या पोरीला येतो तो. त्याच्या शाळेत अकरा वर्षांच्या मुलांना शिक्षा म्हणून रात्री जंगलात पाठवतात. आमच्या वसईत असा हेडमास्तर असता तर पालकसभेने त्याला खाडीपर्यंत पिटाळला असता. झाडूवर बसून खेळायच्या त्या क्विडिचचं गणित ज्याने मांडलं त्याने आयुष्यात गल्लीतही क्रिकेट खेळलेलं नाही. सगळा संघ मर मर मरून दहा-दहा गुण गोळा करणार आणि एक पोरगा सोनेरी चेंडू पकडून एकदम दीडशे घेणार. प्रेमाचं औषध दुकानात खुलेआम विकतात, शाळकरी मुलींना. माणसाला औषध पाजून प्रेमात पाडण्यातला भयंकरपणा लेखिकेला ठाऊक आहे, खलनायकाचा जन्मच तसा झालाय, तरी ती वीजली भावांच्या दुकानात त्यावर हसते. आणि घरकामाला जुंपलेले ते बुटके एल्फ. बिनपगारी, आणि वर त्यांना ते आवडतं म्हणे. हे वाक्य मी वसईतल्या जुन्या वाड्यांतून, वाडीवर राबणाऱ्यांबद्दल, ऐकलेलं आहे. हरमायनी त्यांच्यासाठी संघटना काढते तेव्हा सगळे तिची टिंगल करतात, लेखिकासुद्धा थोडी.

यावर एकाही चर्चने होळी केलेली नाही.

उलट जिथे पुस्तक आणि चर्च एका बाकावर बसतात, तिथे कुणी पाहिलंच नाही. भविष्य शिकवणारी ती ट्रेलॉनीबाई आठवते? चहाच्या चोथ्यात मृत्यू बघणारी. हरमायनी तिसऱ्या वर्षी तो तास अर्धवट टाकून निघून जाते. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातही राशिभविष्य, हात बघणं, शकुन काढणं हे सगळं वर्ज्य आहे, कलम २११६. हरमायनी आणि व्हॅटिकन यांचं एवढं एकमत असताना भांडण कशाचं? आमच्या ओळखीत कन्या राशीचा आठवडा वाचून मग मिस्साला जाणारे कितीतरी आहेत.

आणि धर्मपिता. माझी वर्गमैत्रीण वैशाली पाटील हिला तिसरा भाग वाचताना सिरियस हॅरीचा कोण ते कळेना. मामा नाही, काका नाही, मग एवढा जीव का टाकतो? मी तिला समजावलं, की बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांशिवाय आणखी एक माणूस मुलाची जबाबदारी घेतो, तो धर्मपिता. माझे धर्मपिता नाताळला पाच रुपयांची कोरी नोट द्यायचे, एवढीच त्यांची जादू. पण वैशालीला सगळ्या पुस्तकात ते नातंच फार आवडलं. तिला आणखी एक आनंद होता, हॅरीच्या शाळेत, हॉगवर्ट्समध्ये, पार्वती आणि पद्मा पाटील होत्या. 'आमच्यातल्या आहेत,' असं ती वर्गात सांगत फिरायची. चौथ्या सिनेमात त्या दोघींना नाचाच्या रात्री नेसवलेले ते भडक कपडे पाहून मात्र तिने नातं तोडलं. आमच्याकडे हळदीलाही कुणी असं जात नाही म्हणाली.

वैशालीच्या घरी पुस्तकाला कसलाच विरोध झाला नाही. तिची आजी म्हणाली, आमच्या गोष्टींत राक्षस डोंगर उचलतात, हा पोरगा झाडूवर बसतो तर बसू दे. कलकत्त्यात तर २००७ साली सॉल्ट लेकच्या एका दुर्गापूजा मंडळाने हॉगवर्ट्सचाच मांडव उभारला. देवीला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते लेखिकेला आणि सिनेमा कंपनीला. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले, वीस लाखांची भरपाई मागितली, आणि न्यायालयाने मांडव थांबवायला नकार दिला. एकीकडे पुस्तक जाळणारे, दुसरीकडे त्या पुस्तकाच्या घरात देवी बसवणारे, आणि दोघांवरही नाराज व्हायला कुणी ना कुणी आहेच.

आमचं हॉगवर्ट्स म्हणजे वसईचा किल्ला. चिमाजी आप्पांनी तो १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतला, त्या लढाईचा धडा आम्हाला शाळेत होता. धड्यात आमचे पूर्वज नक्की कोणत्या बाजूला होते हे सरांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याला आतून अंधारा गोल जिना आहे, तो आमचा ग्रिफिंडोरचा, म्हणजे हॅरीच्या गटाचा जिना. वटवाघळांसकट. छप्पर उडालेल्या चर्चांच्या जमिनीत पोर्तुगीज सरदारांची थडगी आहेत, वर झिजलेली अक्षरं. ती बोटाने चाचपत आम्ही मंत्र म्हणून वाचायचो. काही लॅटिन असावीत, काही पोर्तुगीज. मेलेल्या माणसांची नावं आणि त्यांच्यासाठीच्या प्रार्थना आम्ही एकमेकांवर फेकत होतो आणि समोरचा दगड होऊन उभा राहत होता. कुठल्याही प्रवचनकाराला फेफरं आलं असतं. जादूगाराच्या 'होकस पोकस'चा उगमही मिस्सामधल्या लॅटिन शब्दांतच असावा, असा एक तर्क सतराव्या शतकापासून चालत आलाय. सिद्ध झालेलं नाही, पण मला तो खरा असलेला आवडेल.

सातवा भाग आला २१ जुलै २००७ ला. लंडनला मध्यरात्र उलटली तेव्हा इथे पहाट व्हायची होती. मी तेव्हा कॉलेजात. पहिल्या गाडीने गर्दीत उभी राहून मुंबईला गेले, पुस्तक घेतलं आणि परतीच्या गाडीत दारातच वाचायला सुरुवात केली. त्यात हॅरी आणि हरमायनी नाताळच्या आदल्या रात्री त्याच्या आईवडिलांची कबर शोधतात. चर्चमध्ये गाणी चाललेली, बाहेर बर्फ. दोघांच्या कबरीवर एक ओळ कोरलेली आहे, शेवटचा शत्रू नष्ट व्हायचा तो मृत्यू. हॅरी दचकतो. त्याला ती खलनायक व्होल्डेमॉर्टच्या माणसांची भाषा वाटते. मी दचकले ते वेगळ्या कारणाने. ही ओळ मला ठाऊक होती. कुठून, ते आठवेना. घरी येऊन आईचं बायबल काढलं. पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, पंधरावा अध्याय. दर अंत्यविधीला ऐकलेला, आणि दर वेळी मी माश्या मोजत उभी. जवळच्याच डंबलडोर कुटुंबाच्या कबरीवरचं वचनही मत्तयाचं निघालं, जिथे तुझं धन तिथे तुझं मन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लेखिका रोलिंगबाईंनी अमेरिकेत पत्रकारांना सांगितलं, की या दोन ओळींत जवळजवळ सगळी मालिका आली. बाई स्वतः चर्च ऑफ स्कॉटलंडच्या. श्रद्धेबद्दल आधी फार बोलले असते तर चाणाक्ष वाचकाला शेवट कळला असता, असंही त्यांचं म्हणणं.

शेवट कळला असताच. पोरगा सगळ्यांसाठी आपणहून मरायला चालत जातो, हातात काही नाही, विरोध नाही, आणि परत येतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात शेवटच्या बाकावर झोपणाऱ्यालाही ही गोष्ट पाठ असते.

आईला मी तेव्हा हे काहीच सांगितलं नाही. पुढे भोपाळच्या मंजुलने काढलेला मराठी अनुवाद, 'हॅरी पॉटर आणि परीस', घरात आला आणि दुपारी जेवण झाल्यावर तिने तो आडवी पडून वाचला. तीन दुपारी लागल्या. संपल्यावर जादूबद्दल चकार शब्द नाही. म्हणाली, 'माय मरो नि मावशी जगो म्हणतात, आणि ही असली मावशी? पोराला जिन्याखाली निजवते. तिला कुणी पापकबुलीला धाडलं नाही?' मग उठून चहा टाकायला गेली. पिंपाचा विषय दोघींनीही काढला नाही.

पप्पा पाच वर्षांपूर्वी गेले. दफनभूमीतल्या कोनाड्यावर संगमरवरी पाटी बसवायची होती. पाटीवाला अक्षरामागे पैसे घेतो, काना-मात्रा त्यातच धरतो, जोडाक्षराचे मात्र दोन. आईने सांगितलं, नाव, तारखा आणि एक वचन, लांब नको, तू बघ. मी कागदावर पौलाची ओळ लिहून दिली. तिने चष्मा लावून वाचली, ओठ हलवत. 'शेवटचा शत्रू' यावर थांबली, मग पुढे गेली. फादरांना दाखवलं तर ते म्हणाले, फार कमी लोक हे वचन निवडतात, तुमच्या घरात बायबलचं वाचन चांगलं दिसतंय.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

पाटीवाल्याने 'मृत्यू'चा यू ऱ्हस्व कोरला. दुरुस्तीचे त्याने वेगळे पैसे मागितले.